दिवाळीनंतर ट्राउट कुठे गरवावा : मामाचे कानमंत्र

अरे, एप्रिलमध्ये मला कुणी काही विचारत नाही. तेव्हा न्यू जर्सीत सरकारी ट्रक येतात, हॅचरीतले मासे नद्यांमध्ये सोडतात, कुठल्या आठवड्यात कुठे सोडले याची यादीही निघते. गर्दी दिसेल तिथे गळ टाकावा, काहीतरी लागतंच. खरा प्रश्न पडतो तो दिवाळी उरकल्यावर. भाऊबीज झालेली असते, तुळशीचं लग्न तोंडावर येतं, झाडं निम्मी बोडकी होतात, आणि मग तुझ्यासारखे भाचे विचारतात, "मामा, या शनिवारी कुठे?"

याचं एका नावात उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे खाडीवर गरवणारा माणूस आधी भरती-ओहोटी बघतो आणि मग जागा ठरवतो. इथे डोंगरातल्या नदीला भरती नाही, पण पाण्याची चाल ओळखायची सवय तीच. नोव्हेंबरात नदीचं नाव किती मोठं, याला फारशी किंमत नसते. पाणी कुठून येतं, आज ते किती गार आहे, आणि मासा तिथे पोट भरायला आलाय की अंडी घालायला, या तीन गोष्टींवर जागा ठरते. बाकी सगळं त्यानंतर.

पाणी कुठून येतं ते आधी विचार

आपल्या एडिसनहून तीन-चार तासांच्या टप्प्यात ट्राउटचं पाणी तीन जातींचं आहे.

पहिलं पावसाचं. डोंगरावरचा पाऊस, वितळलेला बर्फ आणि लहानसहान ओढे मिळून झालेली नदी. स्टोक्सच्या जंगलातला बिग फ्लॅट ब्रुक हा असा. केन लॉकवूड घळीतून जाणारा रॅरिटन नदीचा दक्षिण फाटाही बराचसा याच वळणाचा. कॅलिफन गावाच्या खाली तो मोठाल्या धोंड्यांतून खळाळत जातो, आणि घरापासून तासाभराच्या आत पोचता येतं. हे पाणी हवेच्या मागोमाग चालतं. रात्री हवा गोठली की सकाळी पाणीही गारठलेलं असतं. ऑक्टोबरात अशा जागा फार चांगल्या, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बऱ्या. थंडीचा कडाका सुरू झाला की तिथला मासा डोहाच्या तळाशी बसून राहतो आणि तू नुसता काठावर कुडकुडतोस.

दुसरं झऱ्याचं. पेनसिल्व्हेनियात चुनखडीच्या दगडाचा मोठा पट्टा आहे. तिथे पाऊस जमिनीत मुरतो, चुनखडीच्या भेगांतून आणि गुहांतून फिरतो आणि झरा होऊन वर येतो. जमिनीच्या पोटातून आलेलं हे पाणी बारा महिने साधारण ५० ते ५४ फॅरनहाइट, म्हणजे १० ते १२ सेल्सिअस असतं. आजोळच्या विहिरीचं पाणी थंडीत पहाटे कोमट लागायचं, आठवतं ना? तोच प्रकार. काठावरच्या गवतावर दव गोठलेलं असतं, पाण्यावर वाफ दिसते आणि आत मासा खात असतो. चुन्यामुळे तिथे पाणवनस्पतीही माजतात आणि त्यांत बारीक कोलंबीसारखे किडे थंडीतही असतात. म्हणजे माशाची खाणावळ बंद होतच नाही.

कार्लाइलचा लेटॉर्ट, बॉयलिंग स्प्रिंग्जचा यलो ब्रीचेस, बेलफॉन्टचा स्प्रिंग क्रीक ही यातली नावाजलेली पाणी. लेटॉर्टच्या काठी व्हिन्सेंट मारिनारो यांनी मासे आणि माश्या बारकाईने पाहिल्या आणि १९५० साली 'अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड' हे पुस्तक लिहिलं. ते नाव ऐकून नवखा माणूस थेट लेटॉर्ट गाठतो आणि रिकाम्या हाताने परततो. पाणी नितळ, धार संथ, मासा शहाणा. काठावर पाऊल जरा जोरात पडलं तरी तो गवताखाली पसार. तू सुरुवात यलो ब्रीचेसपासून कर. बॉयलिंग स्प्रिंग्ज गावात झऱ्यांचं पाणी तळ्यात साठून बाहेर पडतं आणि एका छोट्या प्रवाहाने यलो ब्रीचेसला मिळतं. नोव्हेंबरात या संगमाच्या आसपास राहा. झरा जिथे मिळतो तिथून जितकं खाली जाशील तितकं पाणी हवेच्या आहारी जातं, आणि चार मैल खाली उभं राहून "झऱ्याचं पाणी, तरी मासा नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

तिसरं धरणाचं. न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणारी बरीच धरणं कॅट्सकिलच्या डोंगरांत आहेत. कॅनन्सव्हिल धरणाखाली डेलावेअर नदीचा पश्चिम फाटा, पेपॅक्टन धरणाखाली पूर्व फाटा, आणि दोन्ही हॅनकॉक गावाशी एकत्र येतात. धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी उन्हाळ्यात गार असतं, म्हणून तर तिथे ट्राउट टिकला. थंडीत तेच पाणी हवेपेक्षा उबदार. फक्त एक खोच लक्षात ठेव. शरदात धरणाचं वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली उतरतं, आणि सगळा साठा वरपासून खालपर्यंत ढवळला जातो. त्या दिवसांत खाली सुटणारं पाणी गढूळसर येतं. ते निवळेपर्यंत थांबावं.

थर्मामीटर खिशात ठेव, पाय पाण्यात घालण्याआधी तो घाल

ट्राउटच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितकं गार तितकं त्याचं शरीर मंद, तितकी भूक कमी. त्यामुळे नोव्हेंबरात थर्मामीटर हे तुझ्या काठीइतकंच महत्त्वाचं हत्यार. दोरी बांधून तो धारेत सोड, उन्हात नको, सावलीत धर आणि दोन-तीन मिनिटं थांब. काठाच्या साचलेल्या पाण्यात बुडवून आकडा घेऊ नकोस, तो खोटा निघतो.

पाणी ५० ते ६० फॅरनहाइट असेल तर मासा मनापासून खातो, धावून येतो. ४० ते ५० असेल तर खातो, पण दुपारच्या दोन-तीन तासांत. ४० च्या खाली, म्हणजे साधारण ४ सेल्सिअसच्या खाली गेलं की तो संथ आणि खोल पाण्यात तळाला टेकतो. मग आमिष अगदी नाकासमोरून गेलं तरच तोंड उघडतो.

नुसत्या आकड्यापेक्षा त्याची दिशा बघ. ४३ वर असलेलं पाणी दोन दिवसांत ४६ वर चढलं असेल तर मासा खूश असतो. ५० वरून एका रात्रीत ४४ वर आलं असेल तर तो रुसून बसलेला असतो. म्हणजे ४४ चं पाणी कधी चांगलं, कधी वाईट. कालपरवाचा आकडा माहीत असल्याशिवाय ते कळत नाही.

आणखी एक. कडक ऊन पडलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. डोंगरावर बर्फ साचलेला असेल तर दुपारचं ऊन तो वितळवतं, ते पाणी नदीत उतरतं, आणि भर दुपारी नदी सकाळपेक्षा गार होते. अशा दिवशी पावसाच्या नदीकडे फिरकू नकोस, झऱ्याकडे जा.

क्युसेक वाचायला शीक

पावसाळ्यात मराठी पेपर उघडला की कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग, खडकवासल्यातून तितके, असं छापलेलं असतं. तोच क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट, इथेही चालतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने नद्यांवर मापकं बसवली आहेत आणि त्यांचे आकडे इंटरनेटवर चालू दिवसाचे दिसतात. काही ठिकाणी पाण्याचं तापमानही मिळतं. घरबसल्या एवढी माहिती फुकट मिळते, ती न बघता दोन तास गाडी हाणणं शहाणपणाचं नाही.

आकडा एकटा बघून काही कळत नाही. ३०० क्युसेक एका नदीला पूर, दुसऱ्या नदीला कोरड. म्हणून गेल्या अनेक वर्षांत त्याच तारखेला साधारण किती पाणी असतं, ते शेजारी बघ. आजचा आकडा त्याच्या आसपास असेल तर ठीक. दुपटीच्या वर गेला असेल तर पाण्यात उतरायचा विचार सोड. अगदी कमी असेल तर मासा धास्तावलेला असतो, त्याला लांबूनच गाठावं लागतं.

मग आलेखाची रेघ बघ. पाऊस पडला की पावसाच्या नदीची रेघ सरळ वर जाते आणि हळूहळू उतरते. चढत्या पाण्यावर जाऊ नये, उतरत्या पाण्यावर जावं. पाणी उतरत असतं, रंग थोडा चहासारखा असतो, मासा बिनधास्त झालेला असतो आणि वाहून आलेलं खाणं गोळा करत असतो. धरणाखालची रेघ निराळी. ती पायरीसारखी एकदम चढते किंवा पडते, कारण तिकडे कुणीतरी दार उघडलं किंवा लावलं. धरणाखाली उभं असताना काठावरचा एक ओला दगड खूण म्हणून हेरून ठेव. तो बुडायला लागला की बाहेर पड.

पानगळीचा आठवडा टाळ, नाहीतर जागा बदल

ही गोष्ट पुस्तकांत एका ओळीत येते, प्रत्यक्षात ती अख्खा दिवस खाते. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला जोराचा वारा आणि पाऊस एकत्र आले की जंगलातली सगळी पानं नदीत येतात. दर फेकीला गळाला मेपलचं पान. तंगूस ओढावा, पान काढावं, पुन्हा फेकावं, पुन्हा पान. मासा खाली असला तरी त्याच्यापर्यंत आमिष पोचतच नाही.

अशा वेळी तीन पर्याय आहेत. एक, धरणाच्या अगदी खाली जा. वरची पानं धरणातच अडकतात, खाली पाणी मोकळं असतं. दोन, कुरणांतून वाहणाऱ्या झऱ्याच्या पाण्यावर जा, तिथे काठावर झाडीच कमी. तीन, तळ्यावर जा. दाट जंगलातली नदी मात्र पानं वाहून जाईपर्यंत नको, मग ती कितीही आवडती असो.

विणीच्या माशाला सोड

आता सगळ्यात महत्त्वाचं.

इथे तीन जातींचे ट्राउट. ब्रुक हा या पूर्व भागातला मूळचा रहिवासी. रेनबो आला पश्चिम किनाऱ्याकडून. ब्राउन आला युरोपातून. १८८३ साली जर्मनीहून त्याची अंडी बोटीने न्यूयॉर्कला आली आणि लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या हॅचरीत उबवली गेली. रेनबो साधारणपणे वसंतात वितो. ब्राउन आणि ब्रुक मात्र याच दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

मादी उथळ, स्वच्छ खडीच्या जागी आडवी होते आणि शेपटीने खडी उडवून खळगा करते. त्यात अंडी सोडते, नर त्यांवर वीर्य सोडतो, मग ती थोडी वर सरकून पुन्हा खडी उडवते आणि अंडी झाकते. हिवाळाभर ती अंडी त्या खडीत, वाहत्या पाण्याच्या आधाराने जगतात.

ही जागा ओळखायला डोळे तयार कर. आजूबाजूच्या खडीवर शेवाळाचा तपकिरी थर असतो आणि मध्येच एक लांबट गोल पट्टा उजळ, धुतल्यासारखा दिसतो. वरच्या अंगाला खळगा, खालच्या अंगाला खडीचा उंचवटा. पाणी गुडघ्याच्या आतबाहेर, धार मध्यम. त्यावर दोन-तीन मोठे मासे एका जागी घोटाळताना, अंगाने झळकताना दिसले की शंकाच नको. पोलराइज्ड चष्मा घाल, त्याशिवाय ते दिसणार नाही. उंचवट्याखालीच अंडी असतात. त्यावर एक पाय पडला तर किती जीव गेले ते मोजता यायचं नाही.

तिथले मासे मोठे असतात, डोळ्यांसमोर असतात, आणि माणसाला मोह होतो. शेजारी उभा असलेला कुणी तिथेच गळ टाकत असेल. टाकू दे त्याला. खळग्यावरचा मासा भुकेने गळाला लागत नाही, जागा राखण्यासाठी तोंड मारतो. त्याला ओढून काढणं ही गरवण्याची कला नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात आणि नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पुन्हा लोटतात, त्यामागेही माशाला विणीची उसंत मिळावी हा विचार आहेच. ती समज घेऊन आलोय आपण, इथेही ती सोडू नये.

म्हणून नोव्हेंबरात जागा निवडताना मी उथळ, खडीचे, ब्राउनचे पट्टे वगळतो. खोल डोह, धोंड्यांमागचं संथ पाणी, जिथे रेनबो आहेत अशा जागा. न्यू जर्सीत हे सोपं, कारण सरकारच्या पेक्वेस्ट हॅचरीतून आता जवळपास सगळे रेनबोच सोडतात. ऑक्टोबरात सोडलेले हे मासे वसंतातल्यापेक्षा आकाराने मोठे असतात आणि नोव्हेंबरात बरेच शिल्लकही असतात. रॅरिटनचा दक्षिण फाटा, मस्कनेटकाँग, पेक्वेस्ट, पॉलिन्सकिल, बिग फ्लॅट ब्रुक या नद्यांत ते मिळतात. त्यातला एखादा घरी न्यायचा असेल, आणि त्या पट्ट्यात परवानगी असेल, तर खुशाल ने. हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ लाव आणि रव्यात घोळवून तळ. जंगली ब्राउन किंवा ब्रुक लागला तर मात्र तो पाण्यातच सोडव.

सीमा ओलांडलीस की नियम बदलला

तीन राज्यं, तीन वह्या. न्यू जर्सीत १६ ते ६९ वर्षांच्या माणसाला परवाना लागतो आणि ट्राउटसाठी वर वेगळा स्टँप. पेनसिल्व्हेनियात परवाना आणि ट्राउट परमिट. न्यूयॉर्कमध्ये परवाना लागतो, ट्राउटचा वेगळा स्टँप नाही. पण तिथे २०२२ पासून ओढ्या-नद्यांसाठी सर्वसाधारण नियम असा की १६ ऑक्टोबर ते ३१ मार्च मासा पकडून सोडायचाच, आणि तोही फक्त कृत्रिम आमिषावर. म्हणजे कॅट्सकिलला जाताना गांडुळांचा डबा घरीच ठेव. डेलावेअरचा जो भाग न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरून वाहतो त्याचे नियम पुन्हा वेगळे.

खास पट्ट्यांचे खास नियम असतात. केन लॉकवूड घळीत ते आहेत, यलो ब्रीचेसच्या काही भागावर आहेत. काठावरच्या झाडाला पाटी असते, ती वाचल्याशिवाय गळ बांधू नये. स्प्रिंग क्रीकची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथे पाण्यात घातक रसायनं सापडली, म्हणून १९८२ साली मासे सोडणं थांबवलं आणि मासा घरी न्यायला बंदी केली. मासे न्यायचे थांबल्यावर जंगली ब्राउन इतके वाढले की आज तो पूर्वेकडच्या उत्तम ट्राउट पाण्यांत गणला जातो. तिथे जायचं ते गरवायला, रश्श्याची आशा ठेवून नाही.

स्प्रिंग क्रीकवरून परतलास की बूट आणि वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घासून धू आणि पूर्ण वाळव. न्यूझीलंडची एक बारीक गोगलगाय तिथे २०१३ साली सापडली. ती तांदळाच्या दाण्याहून लहान असते, बुटाच्या शिवणीत बसून दुसऱ्या नदीत जाते. आपल्या पायांनी ही पीडा पसरवायची नाही.

घड्याळ, शिकारी आणि गार पाणी

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य बुडतो. लांबची जागा ठरवताना हे धर. हॅनकॉक घरापासून अडीच तासांच्या आसपास, बॉयलिंग स्प्रिंग्जही जवळपास तेवढंच, बेलफॉन्ट त्याहून लांब. पहाटे उठून धावायची मात्र गरज नाही. या दिवसांत उत्तम वेळ अकरा ते तीन. सकाळी नीट पोहे खाऊन नीघ.

हाच शिकारीचाही हंगाम. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांची बंदुकीची शिकार सुरू होते. न्यू जर्सीतही नदीकाठच्या राखीव रानांत नोव्हेंबरभर बंदुका वाजतात. डोक्यावर भडक नारिंगी टोपी आणि अंगात नारिंगी बंडी असलीच पाहिजे. माशाला नारिंगी दिसेल ही भीती सोड. शिकाऱ्याला तू दिसणं जास्त गरजेचं आहे. शिकारीचा पहिला दिवस असेल तर गावातून जाणारा पट्टा निवड.

आणि गार पाणी. ४५ फॅरनहाइटच्या पाण्यात घसरून पडलास तर आधी श्वास अडकतो, मग थोड्या मिनिटांत हातांची बोटं ऐकेनाशी होतात. वेडर्सवर पट्टा आवळूनच बांध, म्हणजे आत पाणी पटकन भरत नाही. हातात आधाराची वेगळी काठी, पायांत लोकरीचे मोजे, अंगात सुती काही नको. गाडीत कोरडे कपडे आणि थर्मासात चहा. एकटा जाणार असशील तर कुठल्या पुलापाशी गाडी लावणार हे घरी सांगून जा. पाण्यात उतरावंच लागेल अशी जागा सोबत कुणी असेल तेव्हासाठी ठेव.

काठावर पोचल्यावर

हे तुला बरंचसं येतं, म्हणून थोडक्यात. ढगाळ, दमट दुपार असेल तर ब्लू विंग्ड ऑलिव्ह नावाच्या बारीक माश्या पाण्यावर येतात. त्यासाठी १८ ते २२ नंबरचे गळ लागतात, आणि नंबर जितका मोठा तितका गळ बारीक हे विसरू नकोस. माश्या नसतील तर तळाशी घासत जाणारं, पाणकिड्याच्या अळीसारखं निंफ चालव. पाणी थोडं गढूळ असेल तर माशासारखा दिसणारा मोठा स्ट्रीमर हळू ओढ. उन्हाळ्याच्या निम्म्या वेगाने. मासा लागला तर हात ओले कर आणि गळ पाण्यातच सोडव. हवा गोठणबिंदूच्या खाली असेल तर फोटोसाठी त्याला वर उचलू नकोस, कल्ले नाजूक असतात.

पोरं बरोबर असतील तर तळं

लेकीला घेऊन जायचं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेव. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास न्यू जर्सी काही निवडक तळ्यांत पुन्हा ट्राउट सोडते. त्यांची यादी जाहीर होते, त्यातलं जवळचं निवड. काठ सपाट, शेजारी गाडी, जवळ स्वच्छतागृह असलं की पुरे. पोराला नदीचं सौंदर्य नको असतं, काठी वाकलेली बघायची असते. एक मासा लागला आणि तिची बोटं गार पडायच्या आत तू घरी निघालास, तर पुढच्या वर्षी ती स्वतःहून येईल.

दिवाळीला भारतात गेलास तर

तिकडेही ट्राउट आहे. कुल्लूत १९०९ पासून. तीर्थन आणि बरोटची ऊहल या हिमाचलच्या नद्या त्यासाठी प्रसिद्ध. पण हिमाचलात ट्राउटचं पाणी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असतं, कारण तोच विणीचा काळ. दिवाळी ऑक्टोबरात आली तर परवाना काढून जा. नोव्हेंबरात आली तर नुसती नदी बघ, जत्रा बघ, सफरचंदं खा. कुणी "चलता है साहेब" म्हणून गळ पुढे केला तरी हात मागे घे.

शुक्रवारी रात्रीचा हिशेब

जागा शनिवारी गाडीत बसून ठरत नाही, ती शुक्रवारी जेवणानंतर ठरते. आधी तीन दिवसांची हवा बघ. रात्री गोठणबिंदूच्या वर आणि दुपारी पन्नाशी असेल तर घराजवळची रॅरिटन किंवा मस्कनेटकाँग पुरेशी आहे, उगीच पेट्रोल जाळू नकोस. दोन रात्री कडक गेल्या असतील तर झऱ्याचं पाणी, म्हणजे यलो ब्रीचेस. हवा थंड, पण धरणाचा विसर्ग स्थिर आणि पाणी निवळलेलं असेल तर डेलावेअरचा पश्चिम फाटा. पानं वाहत असतील तर जंगलातली नदी काट. शिकारीचा पहिला दिवस असेल तर रानातली नदी काट. आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल तर पावसाची नदी काट.

काटून काटून जे उरेल तिथे जा, आणि दोन नावं उरली तर जवळचं घे. एकही उरलं नाही तर घरी राहून गळांच्या डब्या नीट लाव. पुढच्या बुधवारी क्युसेकचे आकडे पुन्हा बघ आणि मला फोन कर. डिसेंबर उजाडेपर्यंत ब्राउन विऊन झालेले असतील आणि पानंही वाहून गेलेली असतील. डिसेंबरातला पहिला उबदार आठवडा पुष्कळ लोकांना माहीतच नसतो, तेव्हा काठावर गर्दीही नसते. तो आठवडा तू माझ्यासाठी मोकळा ठेव.